आधी रिळं बघा, मग प्रोजेक्टर

आजोबांच्या ट्रंकेत घरगुती सिनेमाची ८ एमएम (८ मिलिमीटर रुंद) फिल्मची रिळं सापडलीत आणि ‘एकदम चालू कंडिशन’ म्हणून कुणीतरी विकायला काढलेला प्रोजेक्टर घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत सांगतो: आज पैसे देऊ नका. मशीन कुठलं घ्यायचं हे ट्रंकेतली रिळंच ठरवतील.

८ एमएममध्ये दोन जाती आहेत. कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली साधी म्हणजे रेग्युलर ८ आणि १९६५ ची सुपर ८. पट्टीची रुंदी तीच, पण भोकं वेगळी. रेग्युलरमध्ये भोक मोठं, आडवं आणि दोन चित्रांमधल्या रेषेवर असतं. सुपरमध्ये ते बारीक, किंचित उभट आणि चित्राच्या मध्यासमोर. एकीच्या मशीनमध्ये दुसरी घातलीत तर फिल्म पुढे ओढणारा मशीनचा पंजा भोकात बसणार नाही आणि फिल्म फाडेल. रिळाच्या मधल्या छिद्रावरून अंदाज बांधू नका. सुपरचं छिद्र मोठं असतं हे खरं, पण घरोघरी लोकांनी मिळेल त्या चकतीवर फिल्म गुंडाळलेली असते. पट्टी उजेडात धरून भिंगाखाली बघा.

सगळी रेग्युलर निघाली तर ऑस्ट्रियाच्या युमिग कंपनीचं पी-८ सारखं साधं, आवाजाची भानगड नसलेलं मशीन उत्तम. सरमिसळ असेल तर दोन्ही चालवणारं ‘ड्युअल ८’ बघावं लागेल. त्यात भाग जास्त, म्हणून कटकटीही जास्त.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते रीळ लगेच वेगळं ठेवा. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, आणि तो वायू शेजारच्या रिळांनाही बाधतो. अशी फिल्म आखडते, त्यामुळे भोकांमधलं अंतर बदलतं. ती प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही, दात्यांची चाकं नसलेल्या स्कॅनरवर द्यायची. खरं तर चांगल्या अवस्थेतली रिळंही आधी स्कॅन करून घ्यावीत असं मी म्हणेन. ती मूळ प्रत असते, तिची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

आता खरेदी. विकणाऱ्याच्या तोंडी ‘चालू’ म्हणजे मोटर गुरगुरते आणि बल्ब लागतो, एवढंच. त्याने काहीही सिद्ध होत नाही. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, एक टाकाऊ रीळ खिशात घेऊन जा आणि फिल्म लावूनच दाखवा म्हणा. गेटच्या (लेन्समागची, फिल्म जिथून सरकते ती चौकट) वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा टिकतो का, चित्र उड्या मारतं का, खालचं रीळ फिल्म ओढून घेतं का, हे बघा. नुसता व्हिडिओ पाठवला तर त्यातही फिल्म सरकताना दिसली पाहिजे.

अमेरिकेहून आलेलं मशीन असेल तर सावध. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे १२० होतील, पण ६० हर्ट्झ कुठून आणणार? विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी मोटर असेल तर सेकंदाला १८ ऐवजी १५ चित्रांच्या वेगाने चालते. काही मॉडेलांत यासाठी दुसऱ्या मापाची पुली असते, ते विचारून घ्या.

बल्बचा नंबर आधी लिहून घ्या. १२ व्होल्ट १०० वॉटचा ‘ईएफपी’ या नंबरचा हॅलोजन असेल तर निश्चिंत, तो अजून मिळतो. त्याआधीचे शेकडो वॉटचे मोठे दिवे मिळणं मुश्कील, मिळाले तर महाग. मशीन स्वस्त आणि दिवा त्याच्याहून महाग असं होऊ शकतं. हॅलोजनला उघडं बोट लावायचं नाही, आणि दिवा बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा.

वर्षानुवर्षं पडून असलेलं मशीन घरी आणल्या आणल्या प्लगला लावू नका. आधी हाताने फिरवून बघा. जुना कागदी कपॅसिटर पहिल्याच झटक्यात फुटू शकतो. जुने रेडिओ दुरुस्त करणारा माणूस शोधा, त्याला तो बदलायला पाच मिनिटं लागतात. रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं असेल तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसायचं. हे काम किळसवाणं आहे, पण टाळलंत तर तेच डांबर गियरमध्ये जातं.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाचं गेट. दर रिळानंतर मऊ ब्रश मारायचा, चिकटलेला मळ बांबूच्या काडीने काढायचा. टाचणी, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, तिथे पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक फिल्मवर उमटतो. तेल शिलाई मशीनचं, तेही बेअरिंगवर एकेक थेंब. रबरी चाकाला लागलं की ते घसरतं. खोबरेल घालणारे महाभागही आहेत, ते थिजून सगळं जाम करतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. लेन्स चामड्याच्या डबीत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

भिंतीवरचं चित्र फोनवर घेताना लुकलुकत असेल तर तीन पाती असलेल्या शटरचं (म्हणजे एका चित्रामागे प्रकाशाचे तीन झोत टाकणारं) मशीन सेकंदाला १६⅔ चित्रांवर आणा आणि फोन सेकंदाला २५ फ्रेमवर लावा. १६⅔ × ३ = ५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन झोत मिळतात.

पट्टीच्या भोकांचा जवळून काढलेला फोटो आणि त्या प्रोजेक्टरच्या मागच्या धातूच्या पट्टीचा फोटो इथे टाका. व्होल्टेज, हर्ट्झ, मॉडेल सगळं त्यावरच असतं, मग किमतीचं बोलू.