कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाऊडवर नेलं तर खरंच पैसे वाचतात का?

अनेक ठिकाणी वाचतात. पण सर्व्हरची किंमत एका बाजूला आणि क्लाऊडचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडून इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या मशीनचं, महिन्याचं बिल दुसऱ्या बाजूला मांडून कुणी क्लाऊड महाग पडतं म्हणत असेल तर तो हिशोबच चुकीचा आहे. याच हिशोबावरून आमचे अकाउंट्सचे साहेब दर मीटिंगला माझ्याशी वाद घालायचे. त्यांचं एकच पालुपद, सर्व्हर आपला आहे, पैसे कधीच देऊन झालेत, आता तो फुकट चालतोय.

फुकट काही चालत नव्हतं. सर्व्हर रूमची वीज अॅडमिनच्या खर्चात जायची, एसीची दुरुस्ती मेंटेनन्समध्ये, यूपीएसच्या बॅटऱ्या तिसऱ्याच खात्यात आणि आमची रात्रीची जागरणं कुठेच नाहीत. एकदा ऐन महिनाअखेरीला सर्व्हरमधली एक डिस्क गेली, केशरी दिवा लुकलुकतोय, वॉरंटी संपलेली, एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, म्हणतो हे मॉडेल आता येत नाही, शोधून बघतो, आणि तोवर दुसरी डिस्क गेली तर सगळा डेटा गेला म्हणून मी त्या थंडगार खोलीत रात्रभर बसून. डिस्क मिळाली ती अव्वाच्या सव्वा भावाने, आणि ते बिल गेलं किरकोळ दुरुस्तीत! साहेबांच्या शीटमध्ये सर्व्हरचा खर्च तरीही शून्यच. शिवाय महिनाअखेरीचा लोड झेपावा म्हणून मशीन घेतलं होतं दणदणीत, एरवी सीपीयू दहा टक्क्यांच्या वर जात नव्हता.

क्लाऊडचा खरा फायदा इथे आहे. मशीन बंद केलं की त्याचं भाडं बंद, डिस्कचं मात्र चालू राहतं. टेस्टिंगचे सर्व्हर ऑफिसच्या वेळेतच लागतात, म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांतले फार तर ५०, बाकी वेळ बंद ठेवा, त्या मशीनचं ७० टक्के भाडं वाचलं. जे कायम चालू लागतं त्यासाठी एक किंवा तीन वर्षांचं कमिटमेंट घ्या, एडब्ल्यूएस, म्हणजे अॅमेझॉनची क्लाऊड सेवा, त्यावर ७२ टक्क्यांपर्यंत सूट देतं.

हां, जुना सर्व्हर होता तसा उचलून क्लाऊडवर त्याच साइजचं मशीन २४ तास चालू ठेवलंत तर बिल बघून घाम फुटेल. क्लाऊडमधून डेटा बाहेर काढायचेही पैसे लागतात, ते कुणी आधी सांगत नाही. आणि लोड प्रचंड, एकसारखा आणि टीम तगडी असेल तर स्वतःचं हार्डवेअर स्वस्त पडू शकतं, लोकांच्या फाइल्स ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने बहुतेक डेटा एडब्ल्यूएसवरून स्वतःच्या मशीनवर आणला आणि दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचवले, त्यांच्या आयपीओच्या कागदपत्रांत ते आहे. पण ते ड्रॉपबॉक्स आहे.

निर्णयाआधी सर्व्हर रूमला एसीसकट विजेचा वेगळा मीटर लावून घ्या. मी तो मागत राहिलो, साहेबांनी शेवटपर्यंत दिला नाही. तुमचे अकाउंट्सवाले नाही म्हणाले तर त्यांच्याकडून ते नाही ईमेलवर घ्या, मॅनेजमेंटला सीसीमध्ये ठेवून.