वाचकांचे प्रश्न : फोन ‘रूट’ करून घ्यावा का?

प्रश्न : माझा फोन जुना असून त्याला दोन वर्षांपासून अपडेट आलेले नाहीत. कंपनीने आधीच भरून दिलेली खेळांची व खरेदीची ॲप काढता येत नाहीत आणि जागा सतत अपुरी पडते. महात्मा गांधी रोडवरील एक दुकानदार फोन ‘रूट’ करून सगळे मोकळे करून देतो म्हणतो. हे कायदेशीर आहे का, आणि नंतर यूपीआय चालेल का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. नको असलेली ॲप काढण्यासाठी रूट करण्याची, म्हणजे फोनवरील सर्वोच्च अधिकार मिळवण्याची, गरजच नाही. सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात, तेथे यूएसबी डीबगिंग (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची मुभा) सुरू करून फोन संगणकाला जोडावा आणि गूगलच्या ‘एडीबी’ या मोफत साधनाने ते ॲप आपल्या खात्यापुरते काढावे. मूळ प्रत सिस्टिमसाठी राखलेल्या भागात राहते व फॅक्टरी रीसेट केल्यास ॲप परत येते, पण हातून चुकीचे ॲप निघाले तर हीच गोष्ट कामी येते. नावावरून काम कळत नसेल, त्या ॲपला मात्र हात लावू नये.

जागेविषयी दुकानदार सहसा सांगत नाहीत ते असे, की सिस्टिमचा हा भाग आपल्या फोटो-व्हिडिओंच्या जागेपासून वेगळा असतो. रूट करून मूळ प्रत पुसली तरी ती जागा फोटोंना मिळत नाही. मोकळी होते ती त्या ॲपच्या अपडेटने व साठवलेल्या माहितीने व्यापलेली जागा, आणि ती एडीबीनेही होते.

अपडेटसाठी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) अनलॉक करून लिनिएजओएससारखी अँड्रॉइडवर आधारित दुसरी प्रणाली बसवता येते, पण आपले मॉडेल तिच्या यादीत हवे आणि कंपनीने अनलॉकची मुभा दिलेली हवी. अनलॉक करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर अनधिकृत प्रणाली बसवताच नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेची खूण कायमची उमटते आणि सॅमसंगचे सुरक्षित फोल्डर पुन्हा वापरता येत नाही.

यूपीआयची खात्री मात्र देता येणार नाही. गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही तपासणी बूटलोडर उघडा असल्याचे ओळखते, त्यामुळे रूट केलेले नसतानाही बँकांची अनेक ॲप चालण्यास नकार देऊ शकतात. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण आज चाललेली युक्ती उद्या बंद पडते; पैशांच्या व्यवहारासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगायचे तर, स्वामित्व हक्क कायद्यात 2012 साली घातलेले कलम 65अ हे हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. स्वतःच्या फोनमधील नकोसे ॲप काढण्यात तो हेतू नसतो.

दुकानदाराच्या हाती फोन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रूट म्हणजे फोनवरील सर्वोच्च अधिकार, आणि तो देताना त्याने सोबत आणखी काय बसवले हे आपल्याला तपासता येणार नाही. एडीबीचे काम घरीच तासाभरात होते. ते झाल्यावर यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करावे.