आधी ते 'रोपण' काढा

एका वाचकाचा प्रश्न: प्रयोगशाळेत वाढवून नाक-कानाच्या पुनर्रचनेसाठी बसवतात त्या कार्टिलेजच्या (नाक-कानाला आकार देणाऱ्या लवचिक ऊतीच्या) तुकड्याला 'कूर्चा-रोपण' म्हणायचं की 'कास्थी-रोपण'?

आधी ते 'रोपण' काढा. 'सर्जनने रोपणाला आकार दिला', 'शरीराने रोपण नाकारलं' हे वाचून वाचून डोकं उठलंय. अहो, रोपण ही क्रिया. क्रियेला सुरी कशी लावणार? बसवतात ती वस्तू, आणि तिचं नाव कलम.

परिभाषावाले नाक मुरडतात: कलम हा माळ्याचा शब्द, शरीराला शोभत नाही. मग रोपण काय राजवाड्यातून आलंय? आणि इंग्रजी ग्राफ्ट तरी कुठलं? ग्रीक ग्राफिऑन म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. तासलेली डहाळी तशी दिसते, म्हणून फ्रेंचमार्गे ती झाली ग्राफ्ट. आता आपलं कलम बघा. ग्रीक कालामोस म्हणजे बोरू. तिथून अरबी, मग फारसी, मग मराठी. लेखण्या दोन, वाटा दोन, आणि दोन्ही जाऊन डहाळीवर बसल्या! माझ्या मते गंमत सगळी त्या तिरक्या छेदात आहे. बोरू तासताना चाकू जसा चालतो, तसाच डहाळीवर. (मुंडकंही कलम होतं. चाकू तोच, हेतू वेगळा.)

कलम मुळात संस्कृतच, असं ठासून सांगणारे रघुवंशाचा चौथा सर्ग पुढे करतात. नीट वाचा. तिथला कलम हे भात आहे. वंगदेशचे राजे रघूने 'उत्खातप्रतिरोपित' केले, उपटून पुन्हा लावले, त्या भातासारखे. लेखणीचा पत्ता नाही. 'प्रतिरोपण' मात्र तिथून खुशाल उचला. क्रियेला तो शब्द झकास आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी 2014 साली 5 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्वचेचा कर्करोग काढताना नाकपुडीचा भाग गेलेला. रुग्णाच्याच नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा कण घेतला, त्यातल्या पेशी कोलॅजेन या प्रथिनाच्या पटलावर वाढवल्या, तयार तुकडा नाकपुडीच्या मापाने कातरून बसवला. ज्याची डहाळी, त्याच्याच झाडाला. याला कलम नाही तर काय म्हणाल?

अरे हो, कूर्चा की कास्थी? शाळेच्या पुस्तकांत कास्थी, दवाखान्यात कूर्चा. दोन्ही चालतील. मी कूर्चा लिहितो. कास्थीत अस्थी ऐकू येते आणि लोक तिला मऊ हाड समजतात.