मुलीला एका सत्रासाठी युरोपातल्या शाळेत पाठवावं का?

तुम्ही विचारलंय, सोळा वर्षांची मुलगी एका सत्रासाठी युरोपात शाळेत जायचं म्हणतेय, तर एवढ्या थोड्या काळात तिच्या हाती काय लागणार? मी त्याच वयात जर्मनीतल्या एका गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, एक सत्र काढलं. पुढे काही वर्षं तिथे येणाऱ्या परदेशी मुलांची स्थानिक संपर्क-व्यक्ती म्हणूनही काम केलं. माझं मत विचाराल तर जरूर पाठवा, पण भाषेची तयारी आधी करून घ्या. वर्षभरासाठी गेलेलं मूल तिथे जाऊन भाषा शिकू शकतं. सत्रासाठी गेलेल्याला तेवढी सवड मिळत नाही.

मी अगदी जुजबी जर्मन घेऊन गेले होते. चूक होईल या भीतीने पहिला दीड महिना वर्गात तोंडच उघडलं नाही. लेखी पेपर चांगले दिले की भागेल अशी माझी समजूत होती, पण तिथे वर्गात बोलण्यालाही गुण असतात, आणि ते थोडेथोडके नसतात. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यांत उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यांत वाईट. इतिहासाच्या तोंडी कामाला मला ५ मिळाले. तेव्हा बाईंनी थांबवून सांगितलं, "चुकीचं बोल, पण बोल." दहाव्या आठवड्यात कुठे मला वर्गातल्या थट्टामस्करीत भाग घेता यायला लागला, आणि सोळाव्या आठवड्यात मी परतीच्या विमानात होते. ते मधले सहा आठवडे आजही माझ्याजवळ आहेत. मी आधी वर्षभर शिकून गेले असते तर ते सहाचे बारा झाले असते, ही रुखरुख कायम आहे. युरोपात भाषेचे टप्पे ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) असे मोजतात. निदान ए२ पूर्ण करून पाठवा, बी१ झालं असेल तर फारच छान.

बोलण्याचा हा प्रश्न फक्त जर्मनीतला नाही. इटलीत शिक्षक एकेका विद्यार्थ्याची वर्गासमोर तोंडी परीक्षा घेतात आणि तिचे गुण धरले जातात. फक्त इंग्रजीवर निभवायचं असेल तर आयर्लंड सोपं पडेल. तिथे 'ट्रान्झिशन इयर' नावाचं एक वर्ष असतं, मोठ्या बोर्ड परीक्षांच्या मधलं, प्रकल्पांचं आणि कामाच्या अनुभवाचं. पण केवळ सोपं म्हणून देश निवडू नका, मुलीला जी भाषा मनापासून हवी आहे तिथे पाठवा.

यजमान कुटुंबाबद्दल काळजी वाटणं साहजिक आहे. एएफएस ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करते आहे. अशा संस्थांमधली बहुतेक कुटुंबं मुलांना पैसे न घेता घरात ठेवतात, म्हणजे मुलगी तिथे पाहुणी नसते, घरातलीच एक असते. मला हे उशिरा कळलं. रोज रात्री टेबलावर पाव, चीज आणि काकडी बघून वाटायचं, माझ्यासाठी कोणी स्वयंपाकसुद्धा करत नाही. बऱ्याच जर्मन घरांत रात्रीचं जेवण असंच थंड असतं आणि गरम जेवण दुपारी होतं, हे मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी समजलं असतं! मात्र खरोखर जमत नसेल तर कुटुंब बदलून मागण्यात कमीपणा नाही. संपर्क-व्यक्ती असते ती त्यासाठीच.

सगळ्यांत जड जातो तो नोव्हेंबर. नवलाई ओसरलेली असते, भाषा अजून आलेली नसते आणि दुपारी साडेचार-पाचला अंधार पडतो. (फिनलंडमधल्या हेलसिंकीत डिसेंबरच्या उत्तरार्धातला दिवस सहा तासांचाही नसतो.) मुली फोनवर रडतात त्या याच दिवसांत. मी बघितलेल्या मुलांपैकी जी रोज घरी व्हिडिओ कॉल करायची, ती यजमानांच्या दिवाणखान्यात सगळ्यांत कमी बसायची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी बोला. तुम्हालाही ते अवघड जाईल, ठाऊक आहे मला.

व्हिसाचं नीट मोजा. शेंगेन देशांत (आपापसांतल्या सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) थोड्या मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आला-गेला दोन्ही दिवस त्यात धरतात. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर हे आपण तीन महिने म्हणतो, पण ते ९१ दिवस होतात! त्यामुळे पूर्ण सत्रासाठी त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचे नियम वेगळे. इथल्या शाळेकडून परत आल्यावर कोणत्या वर्गात बसवणार हे आधीच लेखी घ्या.

आणि जर्मनी ठरलं तर आधी राज्य कोणतं ते विचारा. उन्हाळी सुट्टी राज्यागणिक वेगळी असते. काही राज्यांत शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते, तर बव्हेरियात सप्टेंबरच्या मध्याला. शाळेकडून तारीख हातात आली की मगच तिकीट काढा.