वाचक दुभंगले ते कुठल्या पानावर

चि. कादंबरीकारास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऐतिहासिक प्रेमकथेच्या दुसऱ्या भागावरच्या वाचकांच्या प्रतिक्रियांचा गठ्ठा मिळाला. त्रेचाळीस आहेत. ‘सरासरी तीन तारे, म्हणजे ठीकच’ असं तू वर लिहिलं आहेस. ती ओळ आधी खोड. एकोणीस जणांनी चार किंवा पाच तारे दिलेत, अठरा जणांनी एक किंवा दोन. तीन तारे देणारे सहाच. या पुस्तकाला ‘ठीक’ म्हणणारा वाचक जवळपास नाहीच आणि सरासरी नेमकं तेच झाकते.

एक वही घे, चार रकाने पाड. पहिला भाग वाचला होता का? कुठलं पान? वाचून काय वाटलं? आणि काय करायला हवं होतं, असं वाचकाचं म्हणणं? चौथा रकाना भर, पण वाचायचा सगळ्यात शेवटी. वाचक पानाचा आकडा देत नाही, तो ‘तिने पाट लावला तेव्हा’ (म्हणजे दुसरं लग्न केलं तेव्हा) असं म्हणतो. पान तू शोधायचं. मग 312 पानांची एक लांब पट्टी आखून तिच्यावर टिंबं दे, कौतुकाला निळं आणि तक्रारीला तांबडं. मी गठ्ठ्यावरून अंदाजाने पाहिलं तर पान 203 च्या आसपास दोन्ही रंगांची मिळून सव्वीस टिंबं पडतात. नायिका पाट लावते ते हे पान. कुणी लिहिलंय ‘फसवणूक’, कुणी ‘संपूर्ण कादंबरीतलं सगळ्यात खरं पान’. दोन्ही बाजू एकाच पानावर बोट ठेवतात तेव्हा ते पान पुस्तकाचा कणा असतं. ते बदलायचं नाही. त्याच्या आधी काय राहून गेलं ते शोधायचं.

ऐतिहासिक प्रेमकथेच्या दुसऱ्या भागाचं दुखणं बहुतेक वेळा असंच असतं. ‘गॉन विथ द विंड’ 1936 मध्ये आली. मार्गारेट मिचेल 1949 मध्ये गेल्या, त्यांनी पुढचा भाग लिहिला नाही. 1991 मध्ये त्यांच्या वारसांच्या परवानगीने अलेक्झांड्रा रिप्ली यांची ‘स्कारलेट’ निघाली. समीक्षकांनी ती झोडपली, लोकांनी लाखोंनी विकत घेतली. नायिकेला सोडून गेलेला नवरा ऱ्हेट परत येईल का, या पंचावन्न वर्षं लोंबकळत राहिलेल्या प्रश्नाला तिने सरळ ‘हो’ म्हटलं. पण नायिकेला जॉर्जियातून उचलून आयर्लंडला नेलं, आणि जिच्यासाठी पुस्तक उघडलं ती बाई हीच का, असं पुष्कळांना वाटलं. प्रश्नाचं उत्तर मिळूनही वाचक नाराज होऊ शकतो, कारण पहिल्या भागाने त्याला प्रश्नाबरोबर एक माणूसही दिलेलं असतं.

तुझ्या पहिल्या भागाने काय दिलं होतं? शेवटची दोन पानं पुन्हा वाच. मार्च 1760, पानिपतची मोहीम. भाऊसाहेबांची फौज परतूरहून उत्तरेला निघते, नायक तिच्यात सामील होतो. पैठणच्या कोष्टीवाड्यात मागावर शेला चढलेला आहे, एक पदर आणि अंग विणून झालंय, आणि ती म्हणते, ‘दुसरा पदर तुम्ही आल्यावर.’ पुस्तक तिथे संपतं. आता दुसऱ्या भागात शेला शोध. पान 14 वर एकदा, पान 31 वर एकदा, त्यानंतर नाही. सात जणांनी ‘शेल्याचं काय झालं?’ एवढंच विचारलंय. त्या प्रतिक्रिया तू ‘किरकोळ’ म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी घातल्या आहेस. माझ्या मते गठ्ठ्यात याहून मोलाचं काही नाही. त्या सातांपैकी पाच जणांनी पाट लावण्यावर राग धरलाय, हेही वहीत आपोआप दिसेल.

माग म्हणजे काय ते आठव. कोष्ट्याच्या घरात माग अडला की चूल अडते. रेशमाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं राहत नाही. पावसाळ्यात सादळतो, उन्हाळ्यात तटकन तुटतो, उंदीर आणि कसर लागते ते वेगळंच. म्हणजे कधीतरी त्या घरात कुणीतरी म्हणालंच असेल की ताणा काप, दुसरं काम चढवायचंय. सासऱ्याने म्हटलं? तिनेच कातर घेतली? हा प्रसंग तू लिहिलाच नाहीस. पान 203 वर ती दुसऱ्या माणसाशी पाट लावते तेव्हा वाचकाच्या मनात शेला अजून मागावरच असतो. त्याच्या दृष्टीने तिने वचन मोडलेलं नाही, ती ते विसरली आहे, आणि विसरणाऱ्या नायिकेला प्रेमकथेचा वाचक माफ करत नाही.

तपशिलाच्या चुका वेगळ्या रकान्यात, त्यांवर वाद नको. पान 22 वर लढाईच्या दिवशी बायका तिळगूळ वाटतात. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे आपल्या तोंडी इतकं बसलंय की चूक सहज होते. पण लढाई 14 जानेवारी 1761 ची, पौष शुद्ध अष्टमी. आणि त्या काळी मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येई. सुमारे सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. पान 26 वर पैठणला चौथ्या दिवशी बातमी पोचते. खुद्द नानासाहेब पेशव्यांना भेलशाला (आजचं विदिशा) सावकाराचं पत्र मिळालं ते दहाएक दिवसांनी. भेलसा ते पैठण आणखी आठवडाभर तरी धर. फेब्रुवारीच्या आत तिला काही कळू देऊ नकोस, आणि कळेल तेही अर्धवट. पान 58 वर काडेपेटी आहे; ती 1827 नंतरची, चकमक घाल. पान 90 वरच्या उपवासाला साबुदाण्याऐवजी वरी. ‘पाच मिनिटांनी’ नऊ वेळा आलंय. घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचं, त्यात बसव.

त्याच सावकारी पत्रातली ओळ तू पुस्तकात वापरलीस, पण अर्धी. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, इथेच थांबलास. पुढे रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं आहे. तुझा नायक त्या खुर्द्यातला. मोत्यांची, म्हणजे विश्वासरावांची आणि भाऊसाहेबांची, बातमी येते. याची येणारच नाही. ती ना विधवा ना सवाष्ण अशी का लटकते, ते या उरलेल्या अर्ध्या ओळीत आहे.

सगळ्याच दुरुस्त्या बरोबर असतात असंही नाही. तिघांनी दटावलंय की पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, मग 1760 च्या दशकात दुसरं लग्न कसं? कायद्याचं वर्ष बरोबर, आक्षेप चूक. ब्राह्मण घरात ते घडलं नसतं. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंनी पती गेला हे मानलंच नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पण अनेक जातींत पाट होता, आणि सरकार त्यावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेई. नवरा बेपत्ता असेल तर गोताला, म्हणजे जातीच्या पंचायतीला, विचारावं लागे. ते तुझ्या पुस्तकात एका वाक्यात उरकलंय. दीड पान दे. आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर लिहीत बसू नकोस; लेखकाच्या टिपणात चार ओळी घाल, पुरे.

भाषेची तक्रार मात्र खरी आहे. नायिका नवऱ्याला ‘इकडून येणं झालं’ म्हणते. ते वाड्यातलं बोलणं. कोष्टीवाड्यात ‘धनी’, ‘कारभारी’ शोभेल. तुझ्या कानात कुठलीतरी मालिका घुमते आहे, असं मला वाटतं.

‘मधला भाग रेंगाळतो’ असं अकरा जण म्हणतात आणि बहुतेकांच्या चौथ्या रकान्यात ‘शंभर पानं कापा’ आहे. कापू नकोस, आधी मोज. पान 87 ते 196 या एकशेदहा पानांत दोघं समोरासमोर नाहीत, निरोप नाही, एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती नाही. प्रेमकथेत विरह चालतो, पण विरहाला काहीतरी धरून ठेवावं लागतं. तिथे दर वीस-पंचवीस पानांनी शेला दिसला तर एक ओळही कापावी लागणार नाही. धूळ झटकताना, कर्जाला तारण म्हणून विचारणा होताना, पोर त्याच्याखाली लपताना.

पहिला भाग न वाचलेले नऊ जण गोंधळलेत. त्यांच्यासाठी सुरुवातीला दीड-दोनशे शब्दांचा ‘मागील कथाभाग’ टाक आणि पान 9 ते 13 वरचे ‘तुला आठवतं ना, तेव्हा...’ छापाचे संवाद काढ. दोन माणसं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसली की दोघंही खोटी वाटतात.

शेवटी नायक परततो, त्यावर वाद आहे. तो राहू दे. एक सूचना फक्त. त्या वर्षांत परतलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघत होते. खुद्द भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याला मारलं तोवर प्रकरण चाललं. तुझ्या गावात मात्र कुणी ‘हा तोच कशावरून?’ विचारत नाही. विचारू दे. दुसऱ्या नवऱ्यालाच विचारू दे.

छपाईचं. नुसत्या चुका सुधारायच्या असतील तर पुनर्मुद्रणात जमेल, पानं सरकू न देता. नवा प्रसंग घातलास की ती सुधारित दुसरी आवृत्ती, तिला नवा आयएसबीएन लागतो. पण हिशेब तुझ्या बाजूचा आहे. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच; 312 पानं म्हणजे सोळा पानी साडेएकोणीस फर्मे. वीस फर्म्यांत तुला आठ पानं मिळतात. दीड पान गोताला जाईल. उरलेल्या साडेसहात ताणा कापायचा प्रसंग लिही.

तो लिहिण्याआधी एखाद्या विणकराकडे अर्धा दिवस बसून ये. कापलेला ताणा सगळा काढत नाहीत. फणीतली (ताण्याच्या तारा जिच्यातून ओवतात ती) जुनी टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याची एकेक तार त्यांना जोडत जातात, हजारांवर तारा. ते काम तिच्याच हातून होऊ दे, आणि त्या वेळी तिला काही बोलायला लावू नकोस.