वाचकांचे प्रश्न : ‘केसरी’च्या वर्षी जन्मलेले इटालियन दैनिक

प्रश्न : आमच्या वाचनालयातील गप्पांत ‘केसरी’च्या स्थापनेचा विषय निघाला होता. त्याच सुमारास सुरू झालेले आणि आजही निघणारे एखादे प्रादेशिक दैनिक इटलीत आहे काय? असल्यास ते खंड न पडता चालले आहे काय?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : असे दैनिक आहे आणि ते नेमके त्याच वर्षीचे आहे. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात साप्ताहिक म्हणून निघाला. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला त्रिएस्ते या बंदरात ‘इल पिक्कोलो’ हे छोट्या आकाराचे दैनिक सुरू झाले. इटलीत याहून कितीतरी जुनी पत्रे आहेत, मांतोव्हाची ‘गाझेत्ता’ तर आपला उगम १६६४ सालापर्यंत नेते. पण आपल्या प्रश्नाला ‘पिक्कोलो’ अधिक जवळचे आहे, कारण तेही परक्या सत्तेखाली जन्मले.

त्रिएस्ते तेव्हा इटलीत नव्हतेच. ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे मुख्य बंदर होते, शहरात इटालियन भाषकांचे प्राबल्य होते आणि आसपासची खेडी प्रामुख्याने स्लोव्हेन या स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या लोकांची होती. संस्थापक तेओदोरो मायर त्या वेळी अवघे २१ वर्षांचे होते. त्रिएस्ते इटलीला जोडले जावे, हा त्यांच्या पत्राचा ओढा होता.

१९०७ ते १९१२ या काळात पत्राच्या सायंकालीन आवृत्तीत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले आयरिश लेखक जेम्स जॉइस यांनी आयर्लंडविषयी आणि आयरिश लेखकांविषयी इटालियनमध्ये नऊ लेख लिहिले. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या या तरुणाचा सप्टेंबर १९०७ मधील लेख मुद्दाम सांगण्याजोगा आहे. खुनाच्या आरोपावरून इंग्रजी न्यायालयात उभा केलेला एक म्हातारा फक्त आयरिश जाणतो. प्रश्न विचारताच तो हातवारे करीत, आकाशाला साक्ष ठेवीत लांबलचक खुलासा करतो आणि दुभाषा न्यायाधीशांकडे वळून एवढेच सांगतो की, तो ‘नाही’ म्हणतो. पुढच्याच वर्षी मुंबईत लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तील मराठी लेख बहुसंख्य युरोपीय ज्यूरींपुढे इंग्रजी भाषांतरातून ठेवले गेले, हे आठवले म्हणजे त्या प्रसंगाची धार पुणेकरांना वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आता खंडाविषयी. पहिला खंड २३ मे १९१५ रोजी पडला. इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी ऑस्ट्रियानिष्ठ जमावाने ‘पिक्कोलो’च्या कचेरीला आग लावली. शहर इटलीच्या हाती आल्यानंतर १९१९ मध्ये रीनो आलेस्सी यांच्या संपादकत्वाखाली पत्र पुन्हा निघाले. आलेस्सी हे मुसोलिनीचे शाळासोबती होते, आणि फॅसिस्ट राजवटीशी पत्राने जुळवून घेतले. इटालियनांच्या स्वातंत्र्याची कड घेणाऱ्या या पत्राने शेजारच्या स्लोव्हेनांच्या बाबतीत ती उदारता दाखवली नाही, असे आमचे मत आहे. त्याच शहरात १८७६ पासून निघणारे ‘एदिनोस्त’ हे स्लोव्हेन पत्र १९२८ मध्ये बंद पाडले गेले. पुढे १९३८ च्या वंशभेदी कायद्यांची झळ खुद्द मायर यांनाही बसली. ते ज्यू होते, आणि इटलीच्या सेनेटचे सदस्यत्व असूनही त्यांना पत्राची मालकी सोडावी लागली.

दुसरा खंड १९४५ चा. युगोस्लाव्ह सैन्याच्या सुमारे चाळीस दिवसांच्या ताब्यानंतर शहरावर ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासन आले. जुने नाव मागे पडले आणि १९४७ पासून ‘जोर्नाले दी त्रिएस्ते’ या नावाने दैनिक निघू लागले. ऑक्टोबर १९५४ मध्ये शहर इटलीला परत मिळाले, त्याच सुमारास मथळ्यावर ‘इल पिक्कोलो’ हे नावही परतले. तेव्हा वय १८८१ पासून मोजायचे असेल, तर मधली ही वर्षे वजा करावयाची की नाहीत, हे आपल्या वाचनालयाने ठरवावे. २०२३ मध्ये ते ईशान्य इटलीतील उद्योजकांच्या एका प्रकाशनसमूहाने विकत घेतले. त्रिएस्तेतूनच १९४५ पासून ‘प्रिमोर्स्की द्नेव्हनिक’ हे स्लोव्हेन दैनिकही निघते.