पद्मिनीला बटण स्टार्ट? आधी स्टिअरिंग लॉकचं बघा

वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, तिला रिमोटने उघडणारी दारं आणि बटण स्टार्ट बसवावं का, पुण्यात हे काम होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतं. माझ्या पद्मिनीत दोन्ही आहे. पण किट एक असलं तरी ही कामं दोन आहेत आणि दोन्हींतली जोखीम सारखी नाही.

दारांचं काम बिनधास्त करा. दारात छोटी मोटर बसते आणि ती लॉकचा दांडा वर-खाली करते. काच पूर्ण खाली घेऊन मगच मोटरची जागा ठरवा, नाहीतर काच तिच्यावर आपटते. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतंच, म्हणून वायरला मोटरच्या खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं. दाराची मूळ किल्ली चालू स्थितीत ठेवा. बॅटरी उतरली की तीच कामाला येते.

आता बटण. आधी किल्ली काढून स्टिअरिंग फिरवून बघा. लॉक होत असेल, तर खरी अडचण तिथे आहे. किटचा डबा फक्त वीज चालू-बंद करतो, लॉकची लोखंडी पिन त्याला हलवता येत नाही. काही वायरमन किल्ली स्विचमध्येच अडकवून वर झाकण लावून देतात. हे अजिबात करू देऊ नका. चालत्या गाडीत ती किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंग जाम! पिन पूर्ण काढून घ्या आणि त्या बदल्यात चोरी रोखायला कॉइलच्या (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग) वायरीवर एक लपवलेला स्विच बसवा. हे पटत नसेल तर बटणाचा नाद सोडा, दारांवर समाधान माना.

बहुतेक किट ब्रेक दाबून बटण दाबायच्या हिशोबाने बनवलेली असतात. आपल्या गाडीला न्यूट्रल ओळखणारा स्विच नाही. गियरमध्ये उभी असताना सेल्फ मारला की गाडी पुढे उडी घेते. म्हणून किटची ब्रेकसाठीची वायर क्लच पेडलवर नवा स्विच बसवून त्याला जोडायची. रिमोटवरून इंजिन चालू करायची सोय असेल तर त्या सोयीची वायर न जोडता मोकळीच ठेवा. डिसेंबरच्या सकाळी चोक ओढल्याशिवाय कार्बोरेटरची गाडी तशीही उठत नाही, मग गॅलरीतून बटण दाबून उपयोग काय?

आपल्यासारख्या पॉइंट-कॉइलवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) इंजिन बंद आणि इग्निशन चालू राहिलं, तर पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते. बटणाच्या पहिल्या टप्प्यावर रेडिओ लागतो, दुसऱ्यावर इग्निशन. गाणी ऐकत बसायचं तर पहिल्यावरच थांबा. घरात लहान मुलं असतील तर हे जास्तच लक्षात ठेवा.

खिशात रिमोट असला की आपोआप उघडणारं किट मी घेणार नाही. ते सतत जागं असतं. २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास जातात, आणि आपल्या गाड्या महिना महिना उभ्याच असतात. शिवाय त्या रिमोटचा सिग्नल पुढे पोचवून गाडी उघडायची चोरांची युक्ती आता काही नवी राहिलेली नाही. बटण दाबून उघडणारा साधा रिमोट बरा, आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच हवाच.

रिले, फ्यूज, वायर तापकीर गल्लीत किंवा नाना पेठेत मिळतात. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असू द्या. वायरमन मात्र जुन्या गाड्यांवर हात बसलेला शोधा. मूळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, न कापता समांतर जोडणी करा आणि जुना इग्निशन स्विच चालू ठेवा, म्हणजे कात्रज घाटात डबा बंद पडला तरी किल्लीने घरी येता येईल. शिवाय पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की २०२१च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज नोंदणीचा विचार करता येतो. तुमच्या गाडीला ते २०३६च्या सुमारास. तेव्हा मूळ वायरिंग शाबूत असलेलं बरं. विमा कंपनीला हा बदल आताच लेखी कळवून टाका.